स्विच दाबण्याआधी

पंपहाउसमध्ये वर्षं काढली की किस्से साचतातच, पंपाखालच्या ट्रेमध्ये तेल साचावं तसे. आम्ही ते चहाच्या वेळी हसत सांगतो. नवीन माणूस मात्र ऐकता ऐकता हात खिशात घालतो!

*

शहराबाहेर, छाणी गावाच्या पुढे आमचा कारखाना. माझा पहिला दिवस. बेल्टवर चालणारा मोठा पंप बघायला मी कौतुकाने वाकलो, तोच मागून कुणीतरी कॉलर धरून खेचलं. आमचे हेड फिटर, जयंतीभाई! माझ्या गळ्यातली आयकार्डाची फीत त्यांनी कात्रीने कचकन कापली.

"फास घालून आलास, भाई? पट्ट्याला डोळे नसतात!"

दांडिया बाजारात घरी पोचेपर्यंत मी मान चाचपत होतो.

*

दुरुस्तीआधी मेन स्विच बंद करून आपलं कुलूप लावायचं, चावी आपल्याच खिशात. एकदा कुलूप न काढता मी चावीसकट घरी! जेवायला बसलो तर फोन: प्लांट ठप्प. रिक्षाने धावलो. नोकरी गेली, असंच धरून चाललो होतो.

जयंतीभाई शांत. "चावी घरी गेली, चालशे. हात इथे राहिला असता तर?"

*

एकदा पट्टे बदलायचे होते. कुलूप लावलेलं, चावी खिशात. जुने पट्टे उतरवले, नवा चढवायला हात पुढे केला, आणि पंपाची पुली फिरायला लागली. आपोआप! उलटी!

"भूत!" मी किंचाळलो.

जयंतीभाईंनी धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून परत खाली येऊन पंप फिरवत होतं.

"भूत नाही. तू व्हॉल्व्ह विसरलास."

भूत असतं तर बरं, असं वाटलं.

*

मॅनेजर शिंदेसाहेब कायम घाईत. पट्ट्यावर पत्र्याचं झाकण बसवताना रोज तेच: "गार्ड नंतर लावा हो!" एकदा ते बोलत उभे असताना चालता पट्टा तुटला आणि फाडकन गार्डवर आदळला. पत्र्याला पोचा पडला, बरोबर त्यांच्या तोंडाच्या उंचीवर.

साहेबांनी पोचा बोटाने चाचपला. मग म्हणाले, "लावलेलं बरं."

*

आणि हा गेल्या उन्हाळ्यातला. काम संपलं, कुलूप काढलं. बटण दाबण्याआधी जयंतीभाई नेहमीसारखे इशारा म्हणून ओरडले, "पंप चालू!" आम्ही सगळे समोर उभे; पंपाची मागची बाजू दिसत नव्हती. पुन्हा ओरडले. बोट बटणावर.

आणि थांबले.

"ऊभा रहो." पंपाला वळसा घालून ते मागे गेले. आम्हीही गेलो.

गार्डची मागची झडप उघडून शिंदेसाहेब गुडघ्यावर बसले होते. एक हात पुलीवर. शेजारच्या पंपाच्या आवाजात त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं.

साहेब उठले, बाहेर नळावर खूप वेळ हात धूत राहिले. मग मोबाइल काढून घरी फोन लावला.

"जेवलीस का?"

वहिनींचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "अहो, आत्ता सकाळचे दहा वाजलेत! काय झालं?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "सहज."