दस्तगीर पत्रीवाला आणि त्याची चिठ्ठी

साल २०१८. तेव्हा माझं वय एकोणसत्तर. आमच्या आष्ट्यात दस्तगीर पत्रीवाला होता, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, तरी मला अरेतुरे करायचा. उसाच्या गाडीचे बैल डांबरीवर घसरू नयेत म्हणून खुराला लोखंडी पत्री ठोकतात, ते त्याचं काम. बैल आडवा पाडून, पाय बांधून खिळा मारायचा आणि दर खिळ्याला खुरावर अंगठा टेकवून डोळे मिटायचा. एवढा वेळ मी देवळातसुद्धा कधी डोळे मिटले नाहीत. खिळा आत मांसाला लागला तर बैल लंगडतो. म्हणायचा, "खूर सांगतंय मला. तुझ्या तोंडापरीस खरं बोलतंय."

त्या उन्हाळ्यात त्याच्या यकृतात पू झाला. मिरजेला पू काढला आणि गोळ्या दिल्या, पंधरा दिवस घ्या म्हणून. गोळ्या लागू पडल्या, तिथंच घोळ झाला. गुण आलेली चिठ्ठी आमच्याकडं कुणी टाकत नाही, रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवतात. पोट जरा गुरगुरलं की, म्हणजे जवळपास रोजच, दस्तगीर तीच चिठ्ठी काढायचा. "चिठ्ठीवर नाव माझं हाय. नाव बदललं का माझं? मग गोळी का बदलायची?"

मेडिकल माझ्या वाटेवर, म्हणून पाकिटं मीच आणायचो. मेडिकलवाल्यानं एकदा विचारलं, "आजोबा, अजून चालूच?" मी म्हणालो, "तुला इकायच्या हायत का न्हाईत?"

आधी त्याच्या तोंडाला लोखंडाची चव यायला लागली. आम्ही हसलो. जन्मभर खिळे दातात धरलेत, चव येणारच. मग तळवे भाजायला लागले. मग चालताना चप्पल गळून पडायची आणि ह्याला पत्ता नाही. एकदा एका पायात चप्पल, एक पाय मोकळा, असा जहागीरदारासारखा टपरीवर येऊन बसला.

"दुसरी कुठाय रं?"

"कुठली दुसरी?"

कुणी म्हणालं साखर, कुणी म्हणालं म्हातारपण. मी म्हणालो, "गोळ्या चुकवू नगंस." शहाणा मीच.

संक्रांत झाली आणि माझा बैल सोन्या त्याच्यापुढं पाडला. चौथ्या खिळ्याला दस्तगीरनं अंगठा टेकवला, डोळे मिटले, "बसला" म्हणाला आणि अजून एक घाव घातला. खिळा मांसात गेला. सोन्यानं अशी उसळी मारली की पुढचा घाव दस्तगीरच्याच अंगठ्यावर बसला. नख काळंनिळं. बैल हंबरतोय आणि हा दातातून पुढचा खिळा काढतोय.

"आरं, अंगठा!" मी ओरडलो.

तो म्हणाला, "कुणाचा?"

खिळा उपटला, जखमेत हळद भरली आणि दुपारच्या एसटीनं दस्तगीरला मिरजेला नेला. डॉक्टरीणबाई तरुण होती. चिठ्ठी वाचली आणि किती दिवस घेतल्या विचारलं.

"आठ म्हैनं."

तिनं कपाळ धरलं. म्हणाली, ह्या गोळ्या इतक्या लांबवल्या की हातापायाच्या नसा बधिर होतात. आजपासून बंद. जाण हळूहळू परत येईल, पण सगळी येईलच असं नाही.

"पायाचं ऱ्हाऊ द्या, बाई," दस्तगीर म्हणाला. "अंगठा तेवढा बघा. त्याच्याबिगर मी कशाचा पत्रीवाला?"

"पण गोळ्या आणून कोण देत होतं?" बाईनं विचारलं.

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

"मीच जायचो की," दस्तगीर म्हणाला. "तेवढंच चालणं."

गेल्या वर्षी तो झोपेतच गेला. पायांना बरीच जाण आली होती. अंगठ्याला शेवटपर्यंत आली नाही.

जन्मात मी कुणाची माफी मागितलेली नाही. पण मिरजेहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडं गेलो. चार बैलजोड्या उभ्या होत्या आणि तो सगळ्यांना परत पाठवत होता. गाडीवानांसमोर मी म्हणालो, "गोळ्या मी आणल्या. ह्याचा अंगठा मी घालवला."

"बोंबलू नगं, बैल बुजतंय," दस्तगीर म्हणाला.

मी धोतर खोचलं, एक बैल पाडायला लावला आणि त्याच्याजवळ बसलो. तो हातोडी मारायचा आणि मी खुरावर अंगठा टेकवून खिळा कुठवर गेला ते सांगायचो. दर खिळ्याला शिव्या खाल्ल्या. दुपार झाली तरी दोनच खुरं उरकली. बैल मात्र लंगडला नाही.