पोळ्याची अटक आणि बंदुकीचा परवाना

किस्से कुणाकडे साठतात, माहीत आहे? ज्याच्या घरी ऐकायला कोणी नाही त्याच्याकडे! बायकामुलांचा माणूस ऑफिसातून आला की जेवता जेवता सगळं सांगून मोकळा होतो. मी मंगरूळपीरच्या तहसिलीत कारकून होतो, तेव्हा दर्ग्याच्या मागे एका खोलीत एकटा राहायचो. बायको लग्नानंतर लवकरच गेली, पुन्हा लग्न केलं नाही. संध्याकाळी कुलूप काढायचं आणि गप्प बसायचं. त्यामुळे माझे किस्से कधी खर्चच झाले नाहीत. आता तुम्ही आयते सापडला आहात, तर बसा जरा!

त्यात माझं टेबल कुठलं, तर बंदुकीच्या परवान्याचं. इंग्रजांचं राज्य होतं. आमच्या बाजूला रानाला लागून शेतं, आणि रानडुकरं उभी ज्वारी झोपवून जायची. शेतकरी बंदूक मागायचा. अर्ज माझ्याकडे यायचा, ठाणेदार चौकशी करायचे, तहसीलदारसाहेब शिफारस करायचे आणि शेवटची सही अकोल्याच्या मोठ्या साहेबाची. अडायचं मात्र एकाच प्रश्नावर. "पूर्वी कधी अटक झाली होती काय?"

हा प्रश्न विचारायचं काम माझं. उत्तरं काय एकेक!

एक म्हणाला, "अजून त नाई जी."

दुसऱ्याने मलाच उलट विचारलं, "कोन्या ठान्यात?"

तिसरा म्हणाला, "मले नाई झाली, माह्या भावाले झाली. चालते काय?"

आणि उकंडाजी नावाचा एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "झाली होती जी. एकडाव." इतक्या सरळ खरं बोलणारा तो पहिलाच, आणि नेमका त्याचाच अर्ज अडकला.

* * *

उकंडाजी शेलूबाजारकडचा. बायको वारलेली, मूलबाळ नाही. गावातलं घर बंद करून तो शेतातच खोपडीत, म्हणजे गवताच्या झोपडीत, राहायचा, कारण एक दिवस जरी नजर हलली तरी डुकरं पीक ठेवत नव्हती. त्यांना हाकलायला पत्र्याचा डबा वाजवून वाजवून त्याचे हात भरून यायचे. एक बंदूक मिळाली की ज्वारी वाचेल आणि म्हातारपणी जिवाला आराम पडेल, एवढंच त्याचं मागणं.

त्याची अटक कशाची, तर पोळ्याची! पोळ्याला तोरणाखाली कुणाची बैलजोडी पुढे उभी राहायची, हा मानाचा प्रश्न असतो. त्याच्या तरुणपणी हा मान उकंडाजीचा की शेजारच्या दौलतचा, यावरून जुंपली. दोघांची डोकी फुटली. आमच्या ठाणेदारांच्या आधीच्या कुणा ठाणेदाराने दोघांनाही धरून आणलं आणि एकाच कोठडीत टाकलं. इकडे दोघांचे बैल बाशिंगं बांधून तोरणाखाली तसेच उभे. मान तिसऱ्याच जोडीने नेला!

कोठडीत पांघरायला एकच घोंगडी होती. ती कुणी घ्यावी? दोघांनीही घेतली नाही. दोघांच्या मधोमध आडवी पसरून ठेवली, हद्द म्हणून! रात्रभर दोघेही कुडकुडत बसले. सकाळी समज देऊन सोडून दिलं. केस नाही, शिक्षा नाही. पण तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. शेतं मात्र धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून!

* * *

ही हकीकत ऐकून तहसीलदारसाहेब हसले. म्हणाले, "शिक्षा झालीच नाही ना? मग अडचण काय?"

ठाणेदार म्हणाले, "साहेब, अटक ती अटक!"

आणि रिपोर्ट आला. 'अर्जदार व शेजारी दौलत यांचे जुने वैर. बंदूक दिल्यास खून संभवतो.' झालं! अर्ज नामंजूर.

ठाणेदारांचा हा खाक्याच होता. एका व्यापाऱ्याने बंदूक मागितली. सज्जन माणूस, कधी कुणाशी तंटा नाही. ठाणेदारांनी लिहिलं, 'अर्जदार आजवर एकदाही सापडलेला नाही.'

साहेबांनी विचारलं, "सापडलेला नाही म्हणजे काय?"

"म्हणजे हुशार आहे, साहेब!"

जंगलातलं गवत कापायची चळवळ झाली, तेव्हा एका देशमुखांनी विळा घेऊन दोन पेंढ्या कापल्या आणि फुलांच्या माळा घालून आत गेले. सुटून आल्यावर जप्त झालेली घरची बंदूक पुन्हा मागू लागले. ठाणेदारांचा रिपोर्ट, 'अर्जदाराने विळ्याने सरकारी गवत कापले. बंदुकीने काय कापील, सांगता येत नाही.'

* * *

उकंडाजी दरवर्षी पोळा झाला की यायचा. पागोट्यात अर्ज खोचलेला, हातात माझ्यासाठी काकड्या नाहीतर मक्याची कणसं. मी म्हणायचो, "उकंडाजी, ऑफिसात असं काही आणायचं नसतं." तो म्हणायचा, "बाबूजी, हे अर्जासाठी नाई. तुमी बी एकलेच रायता ना, म्हून." खरं सांगतो, त्या गावात माझ्यासाठी कुणी काही आणणारा तो एकटाच होता. त्याचा अर्ज नामंजूर होऊन आला की मला ते सांगवत नसे.

शेवटी तहसीलदारसाहेबांनी तोड काढली. दौलतने येऊन आपली काही हरकत नाही एवढं सांगितलं, तर जुनी अटक आड येऊ देणार नाही म्हणाले.

मी आनंदाने ते उकंडाजीला सांगितलं. त्याचा चेहराच उतरला.

"म्हंजे मले त्याले इचारा लागन?"

"एक शब्द तर बोलायचा आहे!"

"थोच त बोलाचा नाई, बाबूजी. राहू द्या बंदूक. मी डबाच वाजवतो."

आणि गेला. पुढच्या पोळ्याला तो आला नाही. मी उगीचच दाराकडे बघत राहिलो.

* * *

मधल्या काळात प्रांतात आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं आणि वारंच फिरलं! इतके दिवस लोक अटक लपवायचे, आता छाती काढून सांगायला लागले. गावातले एक पुढारी आले नि म्हणाले, "माझ्या अर्जात लिहा, दोनदा अटक."

ठाणेदार म्हणाले, "आमच्याकडे तर एकदाचीच नोंद आहे."

"असं कसं? मी स्वतः हजर होतो ना!"

लिहिलं बुवा. पुढे लढाई सुरू झाली, मंत्रिमंडळ गेलं, तसे पुढारी पुन्हा हजर. आवाज एकदम खाली. "ते अटकेचं जरा खोडता येईल का?"

ठाणेदार मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आता कसं खोडणार? तुम्ही स्वतः हजर होता ना!"

* * *

त्याच सुमारास एक काटकुळा म्हातारा काठी आपटत माझ्या टेबलाशी आला. रामराम नाही, काही नाही. "उकंड्याची बंदूक काहून अडवून ठेवली बे तुमी?"

मी विचारलं, "आपण कोण?"

"दौलत."

मी उठून उभाच राहिलो. बसा म्हटलं, तर बसेना. मी म्हणालो, "दौलतराव, तुमच्यामुळेच अडली आहे. पोळ्याच्या भांडणात दोघांना अटक झाली होती ना?"

"मंग? थे त आमचं भांडन होतं. तुमाले काय करा लागते त्याच्याशी?"

मी त्याला साहेबांपुढे नेलं. ठाणेदार तिथेच बसले होते. दौलत म्हणाला, "लिवा. माहा काई उजर नाई. म्हातारं झालं थे. दिवसभर डबा वाजवते, आवाजबी पह्यल्यासारखा येत नाई आता."

म्हणजे हा इतकी वर्षं धुऱ्यापलीकडून डबा ऐकत होता!

ठाणेदार म्हणाले, "अरे बाबा, उद्या तुझ्यावरच झाडली तर?"

दौलत म्हणाला, "झाडली त झाडली. तेवढ्यापुरता तो माह्याकडं पाहीन त खरं!"

ठाणेदारांनी स्वतःच दौत माझ्यापुढे सरकवली.

* * *

परवाना आला. उकंडाजीने कुणाची तरी जुनी ठासणीची बंदूक विकत घेतली. पहिल्या नूतनीकरणाला ती खांद्यावर टाकून ऑफिसात आला, तेव्हा ऐट काय वर्णावी! तहसीलदारसाहेबांनी मुद्दाम आत बोलावलं.

"काय उकंडाजी, किती डुकरं मारली?"

"एकबी नाई जी."

"मग बारूद शिल्लक असेल!"

"थे त सरली."

साहेब चकित. "कशावर सरली?"

"रोज दिवस बुडता एक बार काहाडतो. वरतं, आभायाकडं."

ठाणेदारांनी कान टवकारले. "डुकरं पळवायला?"

"डुकरंबी पयतेत." उकंडाजी जमिनीकडे बघून हळूच हसला. "पन तिकून दौल्या बोंबलते ना! म्हनते, 'उकंड्या, बह्यरा केला बे मले!' मंग मीबी म्हनतो, 'होय बह्यरा!' मंग तो शिव्या देते. मंग मी देतो."

"आणि मग?"

"मंग भाकर खातो न् झोपतो."

सगळं ऑफिस हसलं. मीही हसलो. त्या संध्याकाळी खोलीचं कुलूप काढताना मात्र मला हसू आलं नाही. मी मोठ्याने एक शिवी दिली असती, तरी त्या भिंतींपलीकडून मला उलटून कोण देणार होतं? मला उकंडाजीचा हेवा वाटला, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्यानंतर तो आला की मी आधी विचारायचो, "काय म्हणतो दौलत?" आणि तो खुशीत ताज्या शिव्या ऐकवायचा. एकेक अशी, की इथे सांगता येत नाही. त्या ऐकत बसणं, हा माझ्या वर्षातला मोठा सण असायचा.

* * *

आणि मग एका उन्हाळ्यात, परवान्याची मुदत संपायला अजून बराच वेळ असताना, उकंडाजी आला. हातात काही नव्हतं, खांद्यावर फक्त बंदूक. ती त्याने माझ्या टेबलावर आडवी ठेवली. पागोट्यातून परवाना काढून तिच्यावर ठेवला.

"हे जमा करून घ्या, बाबूजी."

मी थट्टेने म्हणालो, "का हो, पुन्हा अटक झाली की काय?"

तो हसला नाही. मग माझंही हसू विरलं.

"डुकरं गेली का?"

"डुकरं हायेतच."

"अहो, मग? किती वर्षं फेऱ्या मारल्या या कागदासाठी तुम्ही!"

"रोज बार काढून राह्यलो," तो म्हणाला. "कालबी काढला. तिकून कोनी शिव्या नाई देत."

मी त्याला पाणी दिलं, ते त्याने घोटभर घेतलं. मग मी म्हणालो, "उकंडाजी, बंदूक इथे जमा होत नाही. ठाण्यात द्यावी लागते. चला, मी येतो बरोबर."

"ठान्यात मी नाई येत. तुमीच द्या." तो टेबलावर हात टेकत उठला. "तिथं थे कोठडी हाये."

दारापर्यंत गेला आणि वळला.

"घोंगडी मोठी होती, बाबूजी. दोघं मावलो असतो."