एकाच डब्यातली काडतुसं

आमचे हे लेस्टरच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. आठवडाभर दुसऱ्यांना झोपवायचं आणि रविवारी सकाळी शूटिंग क्लबला जायचं, हा यांचा क्रम. क्लब एका जुन्या होजिअरी मिलच्या तळघरात होता. थंडगार, बंदुकीच्या दारूच्या वासाचा. सहकाऱ्याबरोबर एकदा पाहुणे म्हणून गेले आणि तिथेच रमले. बंदूक बाळगण्याचं रीतसर सर्टिफिकेट काढून थ्री-फाइव्ह-सेव्हनचं रिव्हॉल्व्हर घेतलं.

"लोक गोल्फ खेळतात. तुम्हाला हेच सापडलं?" मी चिडून विचारायची.

"गोल्फला फार चालावं लागतं गं."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा एका रविवारी हे घरी आले ते रायफलची माहिती घेऊनच. आखूड, लिव्हर ओढून चालवायची. तिच्यात रिव्हॉल्व्हरचीच काडतुसं चालत.

"आता हे आणखी कशाला?"

"उजवा हात जरा दमतो. रिव्हॉल्व्हरचं सगळं वजन हातावर येतं. रायफलचं वजन खांदा घेतो."

"मग रिव्हॉल्व्हर विकून टाका."

"ते तू चालव. दोन्हीचं काडतूस एकच आहे. एक डबा, दोघं जण."

मी हसण्यावारी नेलं, पण गेले. आम्हाला मूलबाळ नव्हतं. यांचे ऑन-कॉलचे दिवस सोडले तर रविवारच काय तो आमचा असायचा. क्लबचे सेक्रेटरी निवृत्त पोस्टमन होते, फार मायाळू माणूस. त्यांनी मला उभं कसं राहायचं ते शिकवलं. पुढे मीही सर्टिफिकेट काढलं आणि दोन्ही बंदुका माझ्याही नावावर चढल्या. आम्ही शेजारी शेजारी उभे राहायचो. मधल्या फळीवर काडतुसांचा डबा. यांचा हात डब्यात असला की मी थांबायची, माझा असला की हे. कानांवर आवाज अडवणारे मफ्स असल्यामुळे बोलणं नाहीच. माझी गोळी टार्गेटच्या बाहेर गेली की हे भुवया उंचवायचे, एवढंच. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण यांची खरी ओळख मला त्या तळघरात झाली असं वाटतं.

मग डब्यातून काडतूस उचलताना यांची बोटं चाचपडायला लागली. उचललेलं काडतूस खाली पडायचं. मी उचलून द्यायची आणि हे दुसरीकडे बघायचे. न्यूरॉलॉजिस्टने मोटर न्यूरॉन डिसीजचं, म्हणजे एकेक स्नायू निकामी होत जाण्याचं, निदान केलं तेव्हा खोलीत फक्त मलाच धक्का बसला. परत येताना मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"रायफल घेतली तेव्हा शंका होती."



एका बुधवारी दुपारी हे म्हणाले, "अगं, दोन्ही बंदुका गाडीत ठेव. क्लबला जाऊ."

"आज? आज कुठे शूटिंग आहे?"

"शूटिंगला नाही. तिथल्या तिजोरीत ठेवायच्या. मी सेक्रेटरींशी बोललोय."

"पण घरी कपाट आहे की. कुलूप आहे."

"किल्ली कुठे असते ते मलाही ठाऊक आहे ना," हे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "मी डॉक्टर आहे. पुढे काय काय होणार ते मला दिसतंय. एखादा दिवस वाईट उगवला तर? घरात नको."

मी गाडी चालवली. सेक्रेटरींनी दोन्ही बंदुका आत नेल्या आणि मग यांना खुर्ची आणून दिली. तिघांनी चहा घेतला. यांचा कप मी धरला होता. 

हे पुढे बरेच दिवस जगले. वाईट दिवस पुष्कळ आले. बोलणं गेलं, गिळणं गेलं. शेवटी न्यूमोनियाने, मी उशाशी असताना, गेले.

वर्षभराने स्कॉटलंडमधल्या एका शाळेत लहान मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या. टीव्हीसमोर बसून मी रडत राहिले. हँडगनवर, म्हणजे रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवर, बंदी आली तेव्हा क्लबातले काही जण चिडले. मला चिडता आलं नाही. त्या आईबापांपुढे माझं रिव्हॉल्व्हर ते काय? तरीही पोलीस स्टेशनच्या काउंटरवर ते ठेवताना माझा हात त्यावरून निघेना. तरुण कॉन्स्टेबल म्हणाला, "सावकाश होऊ द्या, मॅडम." त्याला वाटलं असेल, बाई शौकीन आहे.

रायफल कायद्यात बसत होती. सेक्रेटरी म्हणाले, "ती राहू द्या. तुम्ही येत जा."

एकच रविवार गेले. रायफल खांद्याला लावली. दस्ता यांच्या मापाचा, मला लांब पडत होता. काही गोळ्या झाडल्या, कुठे लागल्या ते पाहिलंही नाही. पलीकडे, यांच्या जागी, एक नवीन सभासद उभा होता. भला माणूस. त्याने आपलं सामान नीट सरकवून मला जागा करून दिली आणि हसला. मी त्याला थँक यू म्हटलं, रायफल रिकामी केली आणि सेक्रेटरींकडे गेले.

"हिच्यासाठी कोणीतरी बघा," मी म्हणाले. "मला नाही जमणार."

 त्यांनी माझा कोट आणून दिला, जिन्यापर्यंत सोडायला आले आणि मी वर रस्त्यावर पोचेपर्यंत खाली दिवा धरून उभे राहिले.