पिंडाला कुरव शिवला

वाशीमच्या लोकांनी समुद्र पाहिला नव्हता, याबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पण मी तो पाहिला आहे यावरही ते विश्वास ठेवत नव्हते, आणि त्याचा मला भयंकर राग यायचा.

माझे वडील मूळचे इकडचेच माळी. एका इंग्रज साहेबाच्या बागेवर कामाला लागले आणि त्याची बदली झाली तसे आम्ही सगळे कोकणच्या किनाऱ्यावर गेलो. साहेब विक्षिप्त होता. थंडी पडली की गळ्यात दुर्बीण अडकवून तासन्‌तास वाळूत बसायचा आणि पाखरं नुसती बघायचा, मारायचा नाही. मीही लांब बसून बघायचे. चौदाव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी वाशीमजवळ, तळ्याकाठी भाजीचा मळा असलेल्या घरात आले. आल्या आल्या मी सांगत सुटले : तिकडं पाण्याला पलीकडचा काठच नसतो, पाणी दिवसातून दोनदा मागं जातं आणि परत येतं, थंडीत कुरव नावाच्या पांढऱ्या पाखरांचे थवे येतात आणि पाण्यावरच झोपतात.

"पानी मांगं जाते? अन् कोठी जाते वं?" सासूबाई विचारायच्या.

हे मलाही ठाऊक नव्हतं. मग घरभर हसू. पुढे पुढे कुणी थाप मारली की "समुद्रावरून आला काय रे?" असं विचारायची पद्धतच पडली. मळ्यावर वांगी घ्यायला येणारी गिऱ्हाइकंसुद्धा ते शिकली.

तिसऱ्या वर्षी पौषात माझे चुलतसासरे वारले. ऐंशीच्या पुढचे होते. खाण्याच्या बाबतीत महाचोखंदळ. भाकरीला जरासा करपलेला डाग दिसला तरी ताट सरकवायचे. त्यांचा दहावा आमच्या मळ्याला लागून, तळ्याच्या काठी केला. पुरुष पाण्याजवळ, आम्ही बायका बांधावर. भटजींनी पिंड मांडला आणि सगळे कावळ्याची वाट बघू लागले.

कावळ्यांचा तुटवडा नव्हता. समोरची बाभूळ काळी झाली होती. पण एकही खाली उतरेना.

मग म्हाताऱ्याची राहिलेली इच्छा ओळखण्याची चढाओढ सुरू झाली. त्यांच्या मुलानं हात जोडले, "बाबा, मायची कायजी करू नोका." कावळे ढिम्म. "तुमची बैलजोडी इकनार नाई." ढिम्म. जावई म्हणाले, तंबाखू राहिली असेल. चिमूटभर तंबाखू पिंडाशेजारी ठेवली. एका कावळ्यानं पाठ फिरवली. शेवटी त्यांची म्हातारीच बांधावर उठून उभी राहिली. "काहून छळून राह्यले सगळ्याइले? जित्तेपनी जेवताना नखरे, आता मेल्यावरबी नखरेच!"

बायकांनी पदरात तोंडं लपवली. ऊन डोक्यावर आलं, पोरं भुकेनं रडू लागली. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू. मुलगा अडून बसला, "गवताचा कावया माह्या बापाले चालनार नाई." पिंडाला कावळा शिवला नाही तर बाप अडकून राहील, या भीतीनं त्याचे डोळे भरून आले होते.

एवढ्यात तळ्यावर एक पांढरं पाखरू घिरट्या घालू लागलं. लाल चोच, लाल पाय, पंखांची टोकं काळी. मी सासूबाईंचा दंडच धरला. "आत्याबाई, कुरव! समुद्रावरचा! त्याच्या डोळ्यामागं शाईचा ठिपका असते, पाहा तुमी!"

"बगळा हाय. गप बस."

तो बगळा सरळ खाली आला, पिंडाचा मोठा लचका तोडला, गिळला, पुन्हा एक तोडला आणि निघून गेला. तंबाखूला शिवला नाही.

एकच गलका उठला. हे शिवलं म्हणायचं की बाटवलं? भटजींनी पोथी चाळली. पोथीत कुरव नव्हता. कुणी म्हणालं, पुन्हा पहिल्यापासून सगळं करा. मुलगा मटकन खाली बसला.

तेव्हा सासूबाई ओरडल्या, "माह्या सुनेले इचारा! थे समुद्रावरची हाय. ठिपका होता डोयामांगं, म्या पायला."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. भटजींनी विचारलं, "काय गं, तिकडे हे पाखरू चालतं का पिंडाला?"

मी किनाऱ्यावर उभ्या जन्मात पिंड पाहिला नव्हता. पण त्या खाली बसलेल्या माणसाचा चेहरा पाहवेना. म्हटलं, "चालते म्हनजे? तिकडं कावळ्याच्या आधी यालेच मान. हे शिवलं की मानसाची कोन्तीच इच्छा राहत नाही."

भटजींनी पोथी मिटली. इतक्या चटकन, की त्यांनाही भूक लागली असावी. मुलानं माझ्याकडे पाहून हात जोडले. पंगती बसल्या. पुढचे आठ दिवस कुरव बघायला पार मानोऱ्याकडून माणसं आली आणि त्यांनी आमची मेथी तुडवली. मी समुद्राबद्दल काहीही सांगितलं तरी लोक माना डोलवू लागले.

एका संध्याकाळी, उरल्यासुरल्या मेथीच्या जुड्या बांधताना सासूबाई म्हणाल्या, "खरं सांग. तिकडं शिवते का थे पाखरू पिंडाले?"

मी मान खाली घातली. "नाही ठाऊक. मी पाहिलंच नाही कधी."

"मले तवाच समजलं."

"कसं?"

"तीन वरसं तू सांगून राह्यली. पानी मांगं जाते, पाखरं पान्यावर झोपते, सायेब वाळूत बसते. सगळं तोंडपाठ हाय मले. त्यात पिंडाचं कधीच नव्हतं." त्यांनी जुडीची गाठ मारली. "बाकीचं खरं हाय तुहं."

मला रडूच कोसळलं. तीन वर्षं त्या घरात सगळ्यांत मोठ्यानं हसत आली होती ती हीच बाई.