रविवारचा फोन

सोनिया त्रिभुवन यांची आणि माझी ओळख झाली, ती मीच त्यांना त्यांच्या आईच्या मृत्यूची बातमी दिली तेव्हा. आपण काय सांगत आहोत, हे मला त्या क्षणी ठाऊक नव्हते. मी फुलंब्रीहून मुलाकडे राहायला येऊन फार दिवस झाले नव्हते. शहरातल्या छावणी भागात, आमच्या गल्लीत समोरची खोली नेहमी बंद असते, एवढेच मी पाहिले होते. दिवाळी उलटल्यावर एका दुपारी एक बाई दोन मोठ्या बॅगा घेऊन रिक्षातून उतरल्या आणि त्या खोलीच्या कुलपाकडे पाहत उभ्या राहिल्या.

"मावशी, इथल्या मार्थाबाई कुठं गेल्यात?"

"त्या म्हातारीचं विचारता व्हय?" मी म्हणाले. "त्या तर वारल्या बाई. श्रावणातच गेल्या म्हणं. तुम्ही कोण त्यांच्या?"

"मुलगी." मग त्या मला समजावल्यासारख्या हळू बोलल्या. "नाय मावशी, तुमची काहीतरी गल्लत होतीय. या रविवारी मी आईशी बोललेय."

मी त्यांना आत घेतले, पाणी दिले. त्यांनी पेला हातात धरून ठेवला, पण त्या पाणी प्यायल्या नाहीत.

सोनियाताई परिचारिका आहेत. मलावी नावाच्या आफ्रिकेतल्या देशात, एका मिशनच्या दवाखान्यात त्या कित्येक वर्षे सेवा करतात. इथल्या त्यांच्या ख्रिस्ती मंडळीने त्यांना पाठवले होते. तिथला त्यांचा दिवस पहाटेच्या प्रार्थनेने सुरू होतो. वॉर्डातल्या ज्या रोग्यांना बसता येते, ते खाटेवर बसून गाणे म्हणतात. नंतर तापाने फणफणलेली लेकरे, अडलेल्या बाळंतिणी, रक्ताची टंचाई, गेलेली वीज. रोग्यांचे नातेवाईक आवारातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये राहतात आणि तीन दगडांच्या चुलीवर मक्याच्या पिठाचे घट्ट अन्न शिजवतात. सोनियाताईंनी त्याच पिठाची भाकरी थापून दाखवली, तेव्हा त्या बाया हसून हसून लोळल्या होत्या, असे त्यांनी मला सांगितले आहे.

त्यांच्या कामातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रोगी वाचणार नाही हे कळले, की त्या स्वतः त्या शेडमध्ये जात, जमिनीवर बसत आणि नातेवाइकांना खरे सांगत. तिकडे जिवंत माणसाला साध्या प्रवासी गाडीतून गावी नेता येते. मृतदेहाला त्या गाडीत कोणी घेत नाही. शिवाय आपल्या माणसांत, आपल्या अंगणात प्राण जावा, असे तिथल्या लोकांनाही वाटते. डॉक्टर म्हणत, "सिस्टर, इतक्यात कशाला सांगता? आशा राहू द्या." त्यावर सोनियाताई म्हणत, "आशा राहील, पण वेळ राहणार नाही." या एका गोष्टीवरून त्यांनी डॉक्टरांशी अनेकदा भांडण केले.

गल्लीतल्या कोणीतरी कळवल्यावर त्या दुपारी मंडळीचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, आणि त्यांच्या पत्नी धावत आले.

"ताई, तुम्ही संध्याकाळच्या गाडीनं येणार होता ना? आम्ही स्टेशनवर येणार होतो. घरी नेऊन, जेवू घालून, मग..." पाळकीणबाई म्हणाल्या.

"आधीची गाडी मिळाली," सोनियाताई म्हणाल्या. "आई कधी गेली?"

पाळकसाहेब खाली पाहून बोलले. श्रावणात मार्थाबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. त्यानंतर त्या आठवडाभर होत्या.

"आठवडाभर! मी दोन दिवसांत पोचले असते."

"म्हणूनच नाही कळवलं, बेटा. तू निघाली असतीस. तिकडं तुझ्या वॉर्डातल्या लेकरांचं काय झालं असतं? सेवा मोठी आहे. आम्ही पंचांनी बसून, प्रार्थना करून ठरवलं."

"प्रार्थना करून खोटं बोललात?"

सोनियाताई पाळकीणबाईंकडे वळल्या. दर रविवारी उपासना झाली, की याच बाई मलावीला फोन लावत असत; मार्थाबाई होत्या तोवर त्यांच्या खोलीतून, नंतर स्वतःच्या घरून.

"आणि दर रविवारी मी बोलले ते कुणाशी? तुम्ही म्हणायचा, आईला ऐकू कमी येतं, आई आत्ताच झोपली. पण तिचा आवाज मी ऐकलाय. या रविवारीसुद्धा. 'सोने, जेवलीस का?' म्हणाली ती."

पाळकीणबाई पदर तोंडाला लावून रडू लागल्या. मार्थाबाईंचा तो आवाज जुना होता. मार्थाबाईंच्या मोबाइलमध्ये साठवलेला त्यांचा निरोप पाळकीणबाई दर रविवारी फोनजवळ धरून वाजवत होत्या.

"मी सांगत होते तिला काय जेवले ते," सोनियाताई म्हणाल्या. "मक्याची भाकरी केली म्हणाले. ती हसली नाही, तर मला वाटलं, थकली असंल."

मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला.

"आई माझं नाव घेत होती का?"

"लई घेत होत्या," पाळकीणबाई म्हणाल्या. "सोनी निघाली का, असं विचारायच्या. आम्ही सांगायचो, निघाली, वाटेत आहे."

मला वाटते, त्या दिवशीचा खरा घाव हाच होता. मुलीला सांगितले, आई आहे. आईला सांगितले, मुलगी येत आहे. दोघींनी त्यावर विश्वास ठेवला. आणि सगळ्या मंडळीला हे माहीत होते. व्हिडिओ कॉलवर देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, दारात उभे राहून ते सारे सोनियाताईंना हात हलवून दाखवत असत.

सोनियाताई रजा संपेपर्यंत आईच्याच खोलीत राहिल्या. रविवारी घंटा वाजली, की त्या कपडे धुवायला काढत. देवावर राग नाही, असे त्या म्हणत, पण देवळाची पायरी त्या चढल्या नाहीत. मंडळीने निरोपाची उपासना ठेवली होती, तिलाही त्या गेल्या नाहीत. मलावीला मात्र त्या परत निघाल्या. शेडमधल्या लोकांना खरे सांगायला कोणीतरी हवे, एवढेच कारण त्यांनी मला दिले. मी तेव्हा लिहा-वाचायला शिकायला प्रौढांच्या वर्गात जाऊ लागले होते. त्यांनी त्यांचा नंबर मोठ्या आकड्यांत लिहून माझ्या भिंतीला चिकटवला. तो आता मी स्वतः वाचून लावते.

निघण्याच्या सकाळी पाळकीणबाई दारात आल्या.

"ताई, तुमच्यासाठी प्रार्थना करू. काही विनंती आहे का?"

"विनंती मागंच केली होती," सोनियाताई म्हणाल्या आणि बॅग उचलून रिक्षाकडे गेल्या.

मी त्यांच्यासोबत रिक्षापर्यंत गेले आणि ती विनंती कोणती, असे विचारले. त्यांनी सांगितले, की पहिल्यांदा मलावीला निघताना पाळकसाहेबांनी भर उपासनेत त्यांना हाच प्रश्न विचारला होता. आई पहिल्या बाकावर बसलेली होती. तेव्हा उभे राहून सोनियाताई सगळ्या मंडळीला म्हणाल्या होत्या:

"माझ्यासाठी प्रार्थना नाय केली तरी चालंल. आई आजारी पडली, तर त्याच दिवशी मला फोन करा. मी येईन."