मातीला ऊन

आमच्या नाहूरच्या सोसायटीत मोकळी माती म्हणजे इमारतीमागची, भिंतीलगतची एक चिंचोळी पट्टी. तिच्यावर सगळ्यांचा डोळा. स्कूटरवाल्यांना तिथे पार्किंग हवं. सेक्रेटरी नंदकिशोर सामंतांना पेव्हर ब्लॉक हवेत, कारण त्यांना दिसेल तिथे पेव्हर ब्लॉक हवे असतात. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या प्रेमाताई परबांना तिथे शतावरी हवी.

प्रेमाताई वेंगुर्ल्याच्या. सासरे गिरणीत होते, नवरा टपाल खात्यात. लग्न होऊन मुंबईत आल्यापासून त्यांच्या पायाला लागली ती फक्त लादी. त्यामुळे कमिटीने ही पट्टी वापरायला दिली, तेव्हा बाई चपला जिन्यात काढून अनवाणी मातीत उतरल्या. परदेशात ज्याचे कोवळे कोंब खातात त्या अ‍ॅस्परॅगसची शतावरी ही आपल्याकडची बहीण. प्रेमाताई तिच्या मुळ्या वाळवून पूड करायच्या आणि इमारतीत कुणी बाळंत झालं की न मागता पुडी पोचवायच्या.

काही वर्षं छान गेली. मग एका पावसाळ्यात वेल पिवळे पडले. उपटून बघितलं तर मुळ्या तपकिरी, आतून पोकळ. नवी रोपं आणली, तीही गेली. पुन्हा आणली, पुन्हा तेच. सामंत म्हणाले, आता पुढच्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत बघू, नाहीतर ब्लॉक टाकू. माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला.

प्रेमाताईंची भाची गंधाली शेतीचं शिकते. तिने फोनवर मुळ्यांचे फोटो पाहिले आणि स्पष्ट सांगितलं, "अगं मावशी, रोपं आणणं बंद कर. आजारी तुझी माती आहे." बुरशी मातीतच मुक्काम ठोकून होती. उपाय असा की जुनी मुळं वेचून काढायची, माती भिजवायची, वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा गाडायच्या आणि कडक उन्हाचे सगळे आठवडे हात लावायचा नाही. आतल्या वाफेने माती भाजली की बुरशीचा जोर मोडतो.

एप्रिलमध्ये प्लास्टिक ताणलं गेलं. नेमकी तेव्हाच गच्ची डांबर घालायला बंद. आता मला सांगा, वाळवणाचे दिवस, गच्ची बंद, आणि खाली भर उन्हात स्वच्छ, ताणलेलं प्लास्टिक. तळमजल्यावरच्या पद्मजा राणेंनी तिथे पापड घातले नसते तरच नवल. दुसऱ्या दिवशी शेजारी सांडगे आले, मग कुरडया. प्रेमाताई तापाने घरात पडून होत्या. उठून खाली येऊन बघतात तर बिचाऱ्या मातीला पापडांनी सावली धरलेली.

"पद्मजा, पापड उचल गो," त्या म्हणाल्या. "माझी माती भाजायची आहे."

"तुझ्या मातीला ऊन हवं आणि माझ्या पापडांना नको?"

बाई चुकीचं बोलत नव्हती, हीच पंचाईत. प्रेमाताई वर गेल्या. त्यांच्या गॅलरीत दुपारभर ऊन असतं. त्यांनी कपड्यांच्या दोऱ्या काढल्या, कुंड्या आत घेतल्या, जुनं लुगडं अंथरलं आणि पद्मजाला हाक मारली. उरलेला उन्हाळा परबांचे कपडे पंख्याखाली वाळले आणि राण्यांचे पापड गॅलरीत. तेव्हापासून पद्मजा त्या प्लास्टिकची राखणदार झाली. चेंडू आणायलाही ती कुणाला त्यावर पाय ठेवू देईना.

जूनमध्ये प्लास्टिक निघालं. गंधालीच्या सांगण्यावरून शेणखतात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीवर जगणारी भली बुरशी, मिसळली. पाणी साचू नये म्हणून वाफे उंच केले. रोपं लागली, वाढली. दृष्ट नको लागायला म्हणून आम्ही मोठ्याने काही बोलत नव्हतो.

गणपती गेले आणि एक वेल पिवळा पडला.

प्रेमाताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. उपटून बघायचा त्यांना धीर होईना. "उगाच मातीच्या नादी लागले," एवढंच म्हणाल्या. शेवटी पद्मजाच खुरपं घेऊन बसली. बुंध्यापाशी वेल मोडलेला होता, कुणाच्या तरी स्कूटरचं चाक चढलं होतं. तिने अलगद माती सारली. खालच्या मुळ्या बोटांसारख्या भरलेल्या, पांढऱ्याशुभ्र. एक मोडून पाहिली तर आतूनही पांढरी. मग शेजारचा वेल उकरला. तोही तसाच.

प्रेमाताई होत्या तिथेच चिखलात बसल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. आवाज ऐकून सामंत बनियनवरच धावत आले.

"काय झालं?"

"काही झालेलं नाही," पद्मजा म्हणाली. "म्हणूनच रडतेय ती."

सामंतांनी मुळी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, पुन्हा मातीत ठेवली. मग स्कूटरच्या चाकाची खूण बघून म्हणाले, "दसऱ्याला ब्लॉक टाकू. पण फक्त कडेने, उभे, गाड्या आत येऊ नयेत म्हणून."