आव्हानवीराच्या बाजूने

बॉक्सिंग हा प्रकार मला कधीच आवडला नाही. मी नर्स आहे. दोन धडधाकट माणसं एकमेकांची तोंडं फोडतात आणि लोक त्याला खेळ म्हणतात, हे बघून माझं डोकं फिरतं. तरीही नव्वदच्या दशकात ऑकलंडमधली दोन-अडीच वर्षं मी अधूनमधून रविवारी दुपारी बॉक्सिंग बघत बसले. अमेरिकेतली शनिवारची रात्र म्हणजे आमची रविवारची दुपार. नवऱ्याचा एक मित्र शहराच्याच हेन्डरसन भागात राहायचा. त्याच्याकडे पैसे भरून दिसणारं स्पोर्ट्स चॅनेल होतं, म्हणून हेवीवेटची मोठी लढत असली की आम्ही त्याच्याकडे जायचो.

दोघंही डॉक्टर. नवरा मिरजेचा फिजिशियन, मित्र नागपूरचा भूलतज्ज्ञ. इथे आल्यावर नवरा पावाच्या कारखान्यात ट्रे उचलत होता आणि मित्र टॅक्सी चालवत होता. डॉक्टर म्हणूनच दोघांना या देशाने आत घेतलं होतं, पण इथली परीक्षा पास झाल्याशिवाय पेशंटला हात लावायची सोय नव्हती. मित्र दोनदा आपटला आणि त्याने तो नाद सोडला. मला मात्र आल्या आल्या हॉस्पिटलात नोकरी लागली. या गोष्टीवर आमच्या घरात कोणी अवाक्षर काढत नसे. ते दोघं एकमेकांना ‘डॉक्टर’ अशीच हाक मारायचे. दुसरं कोणी मारत नव्हतं.

जगज्जेता थोर आहे यावर त्यांचं एकमत होतं. जुंपायची ती त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्यांवरून.

“आज कोणाला धरून आणलंय?” मित्र सोफ्यावर मांडी ठोकून सुरुवात करायचा. “हा आव्हानवीर? कच्चा लिंबू आहे हो डॉक्टर. चौथ्या राउंडला आडवा.”

“तीस लढतींत दोनच हरलाय,” नवरा म्हणायचा.

“कोणाशी लढलाय ते बघा की. बारच्या दारावरचे पैलवान सगळे.”

“रँकिंग काय फुकट मिळतं का?”

“मिळतं! ज्याची खरी भीती वाटते त्याला हे लोक रिंगच्या आसपास फिरकू देत नाहीत. त्याला सांगतात, अजून दोन लढती खेळ, मग बघू. आणि जो नक्की पडणार, त्याला झगमगीत झगा घालून आणतात. पब्लिकला वाटतं, वा, संधी दिली.”

नवरा चिडायचा. मग डाव्या हाताचा जॅब, हाताची लांबी, वय, दम असं एकेक काढून तो त्या बिचाऱ्याची बाजू लढवायचा, अगदी वॉर्डात केस मांडावी तशी. आव्हानवीर दर वेळी पडायचा आणि वाद हरूनही नवरा म्हणायचा, “पुढचा बघा.” मला दोघांचाही राग यायचा. बोलायचं होतं एक आणि बोलत होते भलतंच. पण खरं सांगते, नवऱ्याचं ते ‘पुढचा बघा’ ऐकून मला हायसं वाटायचं.

लेखी परीक्षा तो दुसऱ्या खेपेला पास झाला. क्लिनिकलला एकदा नापास झाला होता. आता शेवटची खेप होती. यात नाही झालं तर पुन्हा लेखीपासून सगळं, आणि त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की तेवढा जीव आता त्याच्यात उरलेला नाही.

क्लिनिकलला नट पेशंट बनून बसतात. घंटा वाजली की खोलीत जायचं, तपासायचं, बोलायचं, पुन्हा घंटा वाजली की पुढच्या खोलीत. मी घरी पेशंट व्हायचे. कार्पेटवर पडून पोट तपासून घेतलं, छाती तपासून घेतली. “अरे, हात लावायच्या आधी विचार,” मी ओरडायचे. आमचं लग्न वॉर्डातच जमलेलं, त्यामुळे मी त्याला अरे-तुरेच करते. “इथला मूळचा माओरी म्हातारा असेल तर नमस्काराऐवजी किया ओरा म्हण. त्यांच्यात डोकं पवित्र मानतात, हात लावायचा तर आधी परवानगी घे.” जे जे मला हॉस्पिटलात दिसत होतं ते ते मी त्याच्या कानीकपाळी ओरडले, असं मला वाटत होतं.

परीक्षेहून तो खुशीत आला. कोट न काढताच स्वयंपाकघरात उभा राहून सांगायला लागला.

“एका खोलीत पन्नाशीचा माणूस होता. फुप्फुसाचा रिपोर्ट आलेला, कॅन्सर. मी विचारलं, बरोबर कोण आलंय, मिसेसना बोलवा. तर म्हणतो, एकटाच आहे, डॉक, जे असेल ते सांगा. आता एकट्या माणसाला असं कसं तोंडावर सांगायचं? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, काळजी करू नका, अजून थोड्या तपासण्या करू, पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या. इतका छान धीर दिला ना मी त्याला!”

मी गॅस बंद केला. मला तेव्हाच कळलं.

मिरजेला आम्ही दोघांनी हेच केलं होतं. पेशंटला म्हणायचं, होईल बरं, आणि मुलाला व्हरांड्यात नेऊन खरं सांगायचं. त्याला आम्ही माणुसकी म्हणायचो. इथे डॉक्टर खुर्ची ओढून पेशंटसमोर बसतात आणि त्यालाच सांगतात. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी चादरी ठेवायच्या खोलीत जाऊन रडले होते. नंतर सवय झाली, इतकी की त्यात नवऱ्याला सांगण्यासारखं काही आहे हे डोक्यातही आलं नाही. किया ओरा शिकवलं आणि हे राहिलं. याची चीड मला अजून येते.

“छान केलंस,” मी म्हटलं. निकालाचं पत्र येईपर्यंत मी तेच म्हणत राहिले. तो रोज संध्याकाळी विचारायचा, काय वाटतं तुला, आणि मी रोज म्हणायचे, होईल रे.

पत्रात कारण लिहिलं होतं. पेशंटने स्पष्ट विचारूनही त्याच्यापासून निदान लपवलं. त्याने ते वाचून घडी घातली.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“मी सांगितलं त्याच दिवशी?”

“हो.”

त्याने मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्याने डबा भरला आणि तो कामावर गेला.

पुढच्याच रविवारी लढत होती. मित्राला कळलं होतं. बिचाऱ्याने टीव्ही लावता लावताच आयुष्यात पहिल्यांदा आव्हानवीराची स्तुती केली. “डॉक्टर, आजचा बरा दिसतोय हां. डावा हात चांगला आहे.”

“छे हो,” नवरा म्हणाला. “तुमचंच बरोबर होतं. यांना पडायलाच आणतात.”

मित्राला कुठे बघावं कळेना. दोन वर्षांचा वाद तो जिंकला होता आणि त्याचा चेहरा पार उतरला होता. मग मीच तोंड उघडलं. जॅब कशाला म्हणतात ते मला तोवर धड माहीत नव्हतं, तरी मी भांडायला लागले. हा आव्हानवीर उंच आहे, दमदार आहे, पाचवा राउंड संपला तरी उभा आहे, बघा ना! सहाव्यात तो पडला. कोपरावर उठायला गेला, पुन्हा घसरला. मी सोफ्यावरून उठून टीव्हीवर ओरडले, “ऊठ! अरे, ऊठ ना!”

“त्याला उठवू नकोस,” नवरा शांतपणे म्हणाला. “डोळे बघ त्याचे. मेंदूला मार बसलाय. आता उठला तर मरेल तो.”

कितीतरी वर्षांनी मी त्याचा तो आवाज ऐकला, वॉर्डातला. कोणाला व्हरांड्यात न नेता त्याने मला तोंडावर सांगितलं होतं. मी खाली बसले. त्यानंतर त्याने परीक्षेचा फॉर्म आणला नाही आणि मीही कधी, आण, म्हटलं नाही.